आमारोने: भरदार वाइन चाखायची कशी आणि जोखायची कशी

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मांडव

इटलीतल्या भरदार लाल वाइनांची नावं काढली की व्हेरोनाजवळच्या वालपोलिचेल्ला टेकड्यांतली आमारोने पहिल्या दोन-तीनांत येतेच. तिचं वर्णन मात्र बहुतेक वेळा 'गडद, गोडसर, मनुक्यांसारखी, महाग' एवढ्यावर थांबतं. तेवढ्यावर चांगली बाटली आणि सुमार बाटली वेगळी करता येत नाही, कारण हे चारही गुण दोन्हींत सापडतात. द्राक्षं सुकवून केलेल्या वाइनमध्ये साखर, दारूचा जोर आणि सुक्या फळांचा वास आपसूक येतो. तो किती आहे हे मोजून काही कळत नाही. एवढं ओझं उचलणारा आंबटपणा जागेवर आहे का आणि शेवटी येणारा कडवटपणा स्वच्छ आहे का, हे पाहायचं. 'आमारो' म्हणजे कडू. नावातच कडूपणा आहे आणि चाखताना नेमका तोच विसरला जातो.

आधी मिश्रण समजून घेऊ. नियमानुसार कोर्विना जातीची द्राक्षं ४५ ते ९५ टक्के. तिची काही जागा कोर्विनोने हे द्राक्ष घेऊ शकतं. रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. उरलेल्या जागेत त्या प्रांतात परवानगी असलेली इतर लाल द्राक्षं, सगळी मिळून २५ टक्क्यांच्या आत.

चेरीचा वास आणि आंबटपणा कोर्विनाकडून येतो. तिची साल जाड, म्हणून महिनोन्‌महिने सुकवूनही ती फुटत नाही. तुरटपणात मात्र ती हलकी. कोर्विनोनेचे मणी मोठे, तुरटपणा जास्त, मसाल्याकडे झुकणारा वास. तिला कितीतरी वर्षं कोर्विनाचाच एक प्रकार समजत. रोंदिनेल्लाला स्वतःचा वास फारसा नाही, पण ती रोगांना दाद देत नाही आणि चांगली सुकते, म्हणून तिची जागा पक्की. ओझेलेताचे मणी अगदी बारीक आणि गराच्या मानाने बिया जास्त. रंग आणि तुरटपणा वाढवायला पाच-दहा टक्के पुरते. मोलिनारा फिकी आणि आंबट. २००३ मध्ये तिची सक्ती गेली, तेव्हापासून बऱ्याच मिश्रणांतून ती हद्दपार झाली.

त्यामुळे आमारोनेचा पेला शाईसारखा काळा दिसला म्हणजे वाइन उत्तम, असं समजू नका. कोर्विना मुळात तेवढा रंग देतच नाही. फार काळा रंग दिसला तर ओझेलेता, कॅबर्ने किंवा मेर्लो मिसळलं आहे का, की लहान नव्या पिंपांतला आधुनिक घाट आहे, हे लेबलावर शोधावं.

आता तयारी. चाखायच्या खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी यांतलं काही नको. पेला ट्युलिपच्या आकाराचा, वर निमुळता. परीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मापाचा पेला २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात ५० मिलिलिटर ओततात. आमारोनेला ५०० मिलिलिटरच्या पुढचा मोठा पेला जास्त मानवतो, ओतायची मात्र तेवढीच. पेल्याला साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना, हे रिकामा पेला हुंगून आधीच बघा.

तापमानावर अर्धा निकाल ठरतो. प्यायला १६ ते १८ अंश हवेत. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीतली बाटली तशीच उघडली तर १६ टक्क्यांचा अल्कोहोल नाकात चावतो, बाकीचे वास दबतात आणि वाइन जॅमसारखी लागते. अशी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवून ४५ मिनिटं ते तासभर द्यावा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे भरलेल्या बादलीत १२ ते १५ मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. ओतताना १५ अंश असली तरी चालेल, पेल्यात ती भराभर वर चढते. उलट १२ अंशांना चाखली तर तुरटपणा आणि कडवटपणा फुगून पुढे येतात आणि वाइनवर अन्याय होतो.

आठ वर्षांच्या आतली बाटली असेल तर एक ते दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवा. पंधरा-वीस वर्षांची असेल तर आदल्या दिवसापासून उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्या, मानेखाली टॉर्च धरून एका धारेत सावकाश ओता आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी आली की थांबा. जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नका, वास उडून जातात.

बेदाणा

उत्तम सुरुवात. सुकवण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण चव समजायची तर ते समजल्याशिवाय गत्यंतर नाही.

तासगाव-सांगलीकडचे बेदाण्याचे शेड डोळ्यासमोर आणा आणि मग फरक पाहा. तिथे द्राक्षांवर पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटचं द्रावण मारतात. सालीवरचं मेण त्याने उघडतं आणि जाळीच्या रॅकवर सावलीत दोन-अडीच आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो.

वालपोलिचेल्लात कुठलंही द्रावण नाही. मेण शाबूत राहतं. घड हाताने निवडतात आणि तेही विरळ मण्यांचे, कारण गच्च घडाच्या आत हवा शिरत नाही. ते एकाच थरात बांबूच्या तट्ट्यांवर किंवा उथळ क्रेटमध्ये मांडतात आणि हवेशीर माळ्यावर १०० ते १२० दिवस ठेवतात. या माळ्याला तिकडे फ्रुत्ताइओ म्हणतात. वजन ३० ते ४० टक्के घटतं, त्यापुढे नाही. म्हणजे चिरडायच्या वेळी मणी सुरकुतलेला असतो, पण आत गर आणि रस असतो. 'मनुक्यांची वाइन' हे वर्णन ऐकायला सोपं, पण चुकीचं.

शिवाय या काळात मणी मेलेला नसतो. तो श्वास घेत असतो. त्यात मॅलिक आम्ल खर्च होतं, सालीतले रंगद्रव्याचे आणि तुरट घटक बदलतात, रेझव्हेराट्रॉलसारखी द्रव्यं वाढतात. सुकवणं म्हणजे नुसतं पाणी काढणं असतं, तर यंत्राने चार दिवसांत रस आटवून तीच चव मिळाली असती. ती मिळत नाही.

हिशेब करून पाहा. १६ टक्के अल्कोहोल हवा तर दर टक्क्याला साधारण १७ ग्रॅम साखर, म्हणजे लिटरमागे २७० ग्रॅमच्या आसपास. ताज्या कोर्विनात एवढी साखर नसते, सुकवूनच ती येते. नियमाप्रमाणे १०० किलो ताज्या द्राक्षांतून ४० लिटरपेक्षा जास्त आमारोने करता येत नाही. म्हणजे ५३ बाटल्या, एका बाटलीमागे जवळजवळ दोन किलो द्राक्षं. महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे चार महिने अडकलेला माळा आणि दोन वर्षं अडकलेली पिंपं.

माळ्यावर बिघाड होतो तो दमटपणाने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुकं आणि पाऊस लागला की बोट्रायटिस बुरशी धरते. ती सालीतल्या रंगाची वाट लावते, चेरीचा ताजेपणा खाते आणि मध, अळंबी, ओलसर पाल्यासारखे वास आणते. याच द्राक्षांच्या रेचोतो या गोड वाइनमध्ये थोडी बुरशी पूर्वी चालवून घेत. आमारोनेत बहुतेकांना ती नको असते, म्हणून आता पंखे आणि आर्द्रता खेचणारी यंत्रं लावतात. २०१४ चा हंगाम पावसाने एवढा बिघडला की वाइन करणाऱ्या काही नामांकित घराण्यांनी त्या वर्षी आमारोने केलीच नाही. त्या सालाची बाटली समोर आली तर करणाऱ्याचं नाव आधी बघा.

पेलाभर

दोघांचे आभार. एक अगदी रोखठोक शंका. २०१७ ची बाटली, १५.५ टक्के. वास शिजवलेल्या आलुबुखारचा, गुळाच्या पाकाचा, थोडा खजुराचा. ताजं फळ औषधालाही नाही. ही आमारोनेची शैलीच समजायची, की उन्हाने वाइन बिघडली असं समजायचं? सुक्या फळाचा वास तर असायलाच हवा ना?

मांडव

आमारोनेच्या परीक्षणातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. साध्या लाल वाइनमध्ये शिजलेल्या फळाचा वास आला की 'तापली' म्हणून मोकळं होता येतं. इथे सुकलेल्या फळाचा वास जन्मजात असतो, त्यामुळे वाहतुकीत किंवा गोदामात शेकलेली बाटली सहज खपून जाते.

आधी बाटलीच पाहा. आवरण काढल्यावर कॉर्क काचेच्या कडेच्या वर आलं आहे का? मानेवर वाइनचा चिकट ओघळ आहे का? कॉर्कच्या बाजूने लाल रेघ वरपर्यंत चढली आहे का? बाटली तापली की आतला द्रव फुगतो, कॉर्क ढकलतो आणि कडेने झिरपतो. गार झाल्यावर तिथूनच हवा आत जाते. या तीनपैकी दोन खुणा असतील तर चाखण्याआधीच शंका पक्की धरा.

मग रंग. पेला पांढऱ्या कागदावर ४५ अंशांत कलता धरा. सात-आठ वर्षांच्या निरोगी आमारोनेत मध्यभाग माणकासारखा लाल असतो आणि कडेला विटकरी छटा सुरू झालेली असते. मध्यभागच तपकिरी, चहाच्या काढ्यासारखा दिसत असेल तर ती वयापेक्षा जास्त म्हातारी झाली आहे.

वासात फरक असा. सुकवलेल्या द्राक्षाच्या वासाला थर असतात. वर सुकी चेरी, अंजीर, काळी मनुका. त्याखाली दालचिनी, लवंग, कोको, तंबाखूचं पान. आणि पेला दहा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा हुंगला की खालून आंबट चेरीचा एक ताजा धागा वर येतो. शेकलेल्या वाइनमध्ये थर नसतात. पहिल्या हुंगण्याला जे मिळतं तेच विसाव्या मिनिटाला मिळतं, जॅम आणि गूळ. तोंडातही तसंच होतं. आंबटपणा कुठे जात नाही, पण फळापासून सुटून एकटा उभा राहतो. मुरंब्यावर लिंबू पिळल्यासारखा, वेगळा कळणारा.

तुमच्या वर्णनात 'ताजं फळ औषधालाही नाही' हे वाक्य मला खटकतं. कॉर्क आणि रंग तपासून लिहा.

पेलाभर

कॉर्क कडेच्या दीड-दोन मिलिमीटर वर होतं. आवरण फिरत नव्हतं, चिकटलेलं होतं. मध्यभागाचा रंग लालसर तपकिरी.

मांडव

मग ती तापलेलीच. त्या बाटलीवरून त्या घराण्याचं किंवा त्या सालाचं मोजमाप करू नका. पुढच्या वेळी दुकानातच आवरण बोटाने फिरवून बघा. सहज फिरलं तर बरं, चिकटून बसलं असेल तर आत ओघळ असण्याची शक्यता धरा. काही आवरणं मुळातच घट्ट बसवलेली असतात, म्हणून ही एकटी खूण पुरेशी नाही. वरून दाबून कॉर्कचा उंचवटा लागतो का तेही चाचपा.

तळघर

तापण्याखेरीज आमारोनेत हमखास भेटणारे दोष लिहून ठेवतो.

पहिला उडणारा आंबटपणा, म्हणजे ॲसेटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास, मागे व्हिनेगर. हा इथे जास्त का? आमारोनेची द्राक्षं १ डिसेंबरच्या आत चिरडता येत नाहीत, बरेच जण जानेवारीत चिरडतात. तळघर थंडगार, रसात प्रचंड साखर. एवढ्या साखरेच्या ताणात यीस्ट स्वतःला वाचवायला ग्लिसरॉल हा गोडसर, दाट द्रव बनवतं आणि त्याच्या जोडीने ॲसेटिक आम्लही. आंबवण महिना-दीड महिना रेंगाळतं. त्यामुळे थोडासा उडणारा आंबटपणा या वाइनमध्ये स्वाभाविक आहे आणि तो वास उचलून धरतो. तो कुठे दोष ठरतो? पेला फिरवल्यावर फळाआधी तोच आला आणि दहा मिनिटांनीही गेला नाही, तर दोष. फळाच्या मागे मंद राहिला, तर नाही.

दुसरा ब्रेटानोमायसिस, म्हणजे त्याच नावाच्या नकोशा यीस्टने आणलेला दोष. तबेला, घोड्याचं खोगीर, चिकटपट्टीचा वास. याची गंमत अशी की त्याच यीस्टमुळे लवंगेसारखाही वास येतो आणि ओकच्या पिंपातूनही लवंग येते. नुसती लवंग आली तर पिंप समजा. लवंगेबरोबर घामट कातडं आलं आणि तोंडात शेवटी धातूसारखा कोरडेपणा राहिला तर ब्रेट.

तिसरा कॉर्कचा दोष. ओला पुठ्ठा, बुरसट तळघर. भरदार वाइनमध्ये तो अनेकदा पुठ्ठ्यासारखा उघड येतच नाही. फक्त फळ गायब होतं आणि वाइन मुकी वाटते. अशा वेळी पेल्यात चमचाभर कोमट पाणी घालून हुंगा. अल्कोहोल पातळ झाला की पुठ्ठा वर येतो.

चौथा प्रकार दोषात मोडत नाही, पण निकाल बिघडवतो: पिंपाचा अतिरेक. जुन्या पद्धतीत स्लाव्होनियन ओकची हजारो लिटरची मोठी पिंपं, नव्या पद्धतीत २२५ लिटरची फ्रेंच ओकची लहान पिंपं. लहान आणि नव्या पिंपातून व्हॅनिला, नारळ, भाजलेली कॉफी उतरते. ती फळाच्या पुढे असेल तर तरुण वाइनला दोन-तीन वर्षं आणखी द्या. आठ वर्षांनीही पुढेच असेल तर ती आता मागे जाणार नाही.

रंगछटा

नाकाबद्दल एक सूचना. १६ टक्क्यांच्या वाइनमध्ये नाक पेल्यात खुपसू नये. अल्कोहोलने घ्राणेंद्रिय सुन्न होतं आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. पेला न हलवता कडेपासून तीन-चार सेंटीमीटरवरून एक छोटा श्वास घ्या. मग दोनदा फिरवून दुसरा. मग अर्धा मिनिट थांबा. लांब ओढून श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे झटके चांगले.

आणि पेल्यावरून उतरणारे ओघळ बघून 'वा' म्हणणं सोडायला हवं. ते अल्कोहोल आणि पाणी यांच्या उडण्यातल्या फरकामुळे होतात. १६ टक्के असेल तर दाट ओघळ येणारच. त्यावरून दर्जा कळत नाही.

कडूगोड

तोंडातल्या चाखण्यावर कोणी सविस्तर लिहील का? विशेषतः गोडवा. आमारोने 'कोरडी' वाइन म्हणतात, मग ती गोड का लागते?

मांडव

गोडव्याचे चार उगम आहेत: उरलेली साखर, अल्कोहोल, ग्लिसरॉल आणि वास. यीस्ट थकलं की साखर थोडी मागे उरते, बहुतेक बाटल्यांत लिटरला काही ग्रॅम. बाकी गोडपणा अल्कोहोलचा आणि त्याहून जास्त वासाचा. सुक्या अंजिराचा वास आला की मेंदू गोड चव गृहीत धरतो. पडताळायचं असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा बराच ओसरला तर तो वासाचा होता. तसाच राहिला तर साखर आहे.

जीभ तयार करायला घरी एक सराव करता येतो. साधी कोरडी लाल वाइन घ्या, सुकवलेल्या द्राक्षांची नको. अकलूजच्या फ्रॅटेलीची सेट्टे चालेल. ती सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण आहे, म्हणजे इटालियन वळणाचं मिश्रण पण सुकवणीशिवाय. २५० मिलिलिटरचे तीन वाटे करा. एक तसाच, दुसऱ्यात १ ग्रॅम पिठीसाखर, तिसऱ्यात २ ग्रॅम. म्हणजे लिटरला ४ आणि ८ ग्रॅमची वाढ झाली. दागिन्यांचा छोटा काटा असेल तर अचूक जमतं. खाली खुणा करून पेले दुसऱ्या कुणाला तरी फिरवायला सांगा आणि ओळखा. चारचा फरक गोड म्हणून कळतच नाही, वाइन 'मऊ' झाली एवढंच वाटतं. आठचा कळतो. स्वस्त गोडसर वाइनांची सगळी मऊ लकब याच चार-आठ ग्रॅमांत असते, हे एकदा जिभेला कळलं की फसगत थांबते.

आता घोट. १० ते १२ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. थुंकणं इथे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. १६ टक्क्यांच्या १५० मिलिलिटरमध्ये जवळजवळ १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो. चार पेले गिळून पाचव्याचं परीक्षण होऊच शकत नाही.

थुंकल्यावर जे होतं त्यावर खरा निकाल. आधी लाळ. गालाच्या आत आणि जिभेखाली लगेच पाझर फुटला तर आंबटपणा जिवंत आहे. तोंड जड, चिकट, साखरेचा पाक लागल्यासारखं राहिलं तर नाही. मग हिरड्या. तुरटपणा वरच्या हिरडीवर जीभ फिरवून तपासा. चांगला असेल तर मखमलीसारखा बारीक, ओबडधोबड असेल तर कच्च्या केळाच्या सालीसारखा ओढणारा. मग घसा. अल्कोहोलची ऊब छातीपर्यंत उतरेल, ते चालतं. घशात जळजळ झाली तर तोल गेला, बाटलीवर आकडा १५ असो वा १७.

शेवटी कडवटपणा. चांगला कडवटपणा उशिरा येतो, चौथ्या-पाचव्या सेकंदाला, आणि त्याला नाव देता येतं: कडू बदाम, कोकोची पूड, संत्र्याची साल. येताना तो गोडवा पुसून नेतो आणि पुढचा घोट हवासा वाटतो. वाईट कडवटपणा लगेच येतो, जिभेच्या मुळाशी बसतो आणि काडी चावल्यासारखा हिरवा लागतो. याचं कारण बहुतेक वेळा सुकलेले देठ. चार महिन्यांत देठ कोरडे ठणठणीत होतात आणि ते नीट वेगळे केले नाहीत, किंवा आंबवताना चोथा फार रगडून काढला, की ती चव उतरते.

मागची चव किती सेकंद टिकते ते मोजा. दहाच्या आत संपली तर एवढ्या जड वाइनच्या मानाने कमी. पंधराच्या पुढे गेली आणि शेवटपर्यंत फळ सोबत राहिलं तर उत्तम. नुसती ऊब आणि ओक रेंगाळले, तर ते सेकंद धरू नका.

बेदाणा

'काडी चावल्यासारखा' हे वर्णन अगदी बरोबर. त्यात एवढीच पुस्ती: पहिल्या घोटावर कडवटपणाचा निवाडा करू नका. जिभेवर आधीचं काही असेल तर तो खोटा वाढतो. साधा पाव आणि पाणी, मग दुसरा घोट. चीज आधी नकोच. चीजची चरबी आणि मीठ तुरटपणा झाकतं आणि सुमार वाइन बरी वाटायला लागते.

पेलाभर

दुकानात 'आप्पास्सिमेंतो' लिहिलेल्या बाटल्या आमारोनेच्या पाव किमतीत दिसतात. आणि रिपास्सो म्हणजे नेमकं काय?

तळघर

आप्पास्सिमेंतो हे सुकवण्याच्या क्रियेचं नाव आहे, प्रदेशाचं नाही. त्या स्वस्त बाटल्या बहुधा दक्षिणेच्या, पुल्या किंवा सिसिलीच्या असतात. द्राक्ष प्रिमितिव्हो, नेग्रोआमारो किंवा नेरो दाव्होला. सुकवण बरीच कमी, साखर जास्त. जेवणाबरोबर छान लागतात, पण वरच्या लाळेच्या कसोटीत बऱ्याच मागे पडतात.

रिपास्सो मात्र वालपोलिचेल्लाचीच. आमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात साखर आणि यीस्ट शिल्लक असतं. त्यावर साधी वालपोलिचेल्ला वाइन ओततात, दुसरं आंबवण होतं, अल्कोहोल टक्काभर वाढतो आणि रंग-तुरटपणा चढतो. अंगाने मधली. नव्याने शिकणाऱ्याने पैसे घालायचे तर आधी एक चांगली रिपास्सो घ्यावी असं माझं मत.

अस्सल आमारोनेच्या मानेवर सरकारी क्रमांकाची कागदी पट्टी असते. आमारोने आणि रेचोतो यांना डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा २०१० मध्ये मिळाला, वालपोलिचेल्लाचं मूळ नामांकन १९६८ चं. लेबलावर 'क्लासिको' असेल तर द्राक्षं नेग्रार, मारानो, फुमाने, सांताम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच जुन्या गावांच्या हद्दीतली. 'रिझर्वा' असेल तर किमान चार वर्षं मुरवलेली, साधीला दोन. क्लासिको म्हणजे दर्जा नव्हे, जागा. हे लक्षात ठेवा.

कडूगोड

आणि रेचोतो? तीच द्राक्षं आणि तीच सुकवण ना?

बेदाणा

हो. आंबवण अर्ध्यात थांबवलं की गोड रेचोतो, पूर्ण होऊ दिलं की कोरडी आमारोने. नाव 'रेचा'वरून, व्हेरोनाच्या बोलीत कान. घडाच्या वरच्या दोन बाजूंचे 'कान' जास्त पिकतात, तेच पूर्वी निवडत. गोड प्रकार फार जुना. सहाव्या शतकात गॉथ राजांचा मंत्री कासिओडोरुस याने राजाच्या मेजवानीसाठी याच भागातली सुकवलेल्या द्राक्षांची वाइन मागवल्याचं पत्र आहे. कोरडी आमारोने त्या मानाने कालची, विसाव्या शतकातली. पिंपात विसरून राहिलेल्या रेचोतोची साखर संपली आणि ती कोरडी झाली, असं तिच्या जन्माबद्दल सांगतात.

रंगछटा

गुण कसे द्यायचे यावर कोणी बोललं नाही. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेची शंभर गुणांची विभागणी वापरता येते: डोळ्याला १५, नाकाला ३०, तोंडाला ४४, एकूण मेळाला ११. आमारोनेसाठी माझा आग्रह एवढाच की नाकाचे गुण दोनदा लिहा, ओतल्यावर लगेच आणि वीस मिनिटांनी, आणि दुसरे धरा. पहिल्या मिनिटाला पिंप बोलतं, विसाव्याला द्राक्ष.

एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर क्रम साधी वालपोलिचेल्ला, रिपास्सो, आमारोने, रेचोतो. उलटा क्रम लावला तर साधी वाइन पाण्यासारखी लागेल.

कडूगोड

जेवणाबरोबर? व्हेरोनात काय खातात आणि आपल्या ताटात काय जमेल?

मांडव

व्हेरोनात आमारोनेत शिजवलेला रिसोत्तो हा मऊसर भात, वाइनमध्ये तासन्‌तास मंद शिजवलेलं मांस, घोड्याच्या मांसाची पास्तिस्सादा आणि मोन्ते व्हेरोनेझेसारखं मुरलेलं चीज.

आपल्याकडे तिखटाशी तिची जोडी लावू नका. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो आणि मिरची अल्कोहोलची. तांबड्या रश्श्याबरोबर १६ टक्क्यांची वाइन म्हणजे दोघांचंही नुकसान. कमी तिखटाचं सुकं मटण, भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल असं वाटण असेल तर चांगलं जुळतं, कारण वाटणातला भाजका कडवटपणा वाइनच्या कडवटपणाला भेटतो. पुरणपोळीबरोबर कोरडी आमारोने देऊ नका. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट आणि कडू लागते. तिथे रेचोतो द्या.

पेलाभर

शेवटचं. बाटली एका दिवसात संपत नाही. उरलेलीचं काय?

तळघर

कॉर्क परत लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस आरामात टिकते. शक्य असेल तर उघडल्याबरोबर ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा, आठवडाभर काढेल. ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा.

आणि परीक्षण करायचं असेल तर दुसऱ्या दिवशीचा पेला चुकवू नका. पहिल्या दिवशीची टिपणं न बघता पुन्हा लिहा. ओकचा मुलामा रात्रभरात उतरतो. त्याखाली चेरी आणि कडू बदाम निघाले तर त्या बाटलीची जोडीदार दहा वर्षं ठेवायला हरकत नाही, १२ ते १४ अंशांची सोय असेल तर. खाली नुसता गोडवा आणि ऊब उरली, तर बाकीच्या बाटल्या याच वर्षी उघडा.